टेबल ३ कोण वाचतं?

क्लिनिकल ट्रायलचा पेपर हातात आला की आपण काय करतो, ते प्रामाणिकपणे आठवून बघा. आधी ॲबस्ट्रॅक्ट, मग सर्व्हायव्हलचा आलेख, मग पी-व्हॅल्यू, आणि तिथून थेट डिस्कशनवर उडी. मधे कुठेतरी "ॲडव्हर्स इव्हेंट्स" असं शीर्षक असलेलं लांबलचक टेबल असतं, ते आपण स्क्रोल करून टाकतो. मीही पहिलं वर्षभर हेच केलं. मग एका जर्नल क्लबमध्ये मागच्या बाकावरून साधा प्रश्न आला, "किती जणांनी औषध मधेच सोडलं?" आणि मी स्लाइड पुढे-मागे करत बसले.

तर आज त्या टेबलाबद्दल. उदाहरण घेते मल्टिपल मायलोमाचं, कारण इथे हे टेबल न वाचण्याची किंमत अगदी स्पष्ट दिसते.

मल्टिपल मायलोमा हा बोन मॅरोमधल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. पूर्ण बरा होणं अवघड, पण वर्षानुवर्षं आटोक्यात ठेवता येतो. त्यासाठीचं एक महत्त्वाचं औषध म्हणजे लेनालिडोमाइड. ही तोंडाने घ्यायची कॅप्सूल आहे. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडबरोबर देताना नेहमीचा डोस २५ मिलिग्रॅम, २१ दिवस रोज, मग ७ दिवस सुट्टी, आणि पुन्हा तेच चक्र. स्टेम सेल ट्रान्सप्लांटनंतर रोग परत येऊ नये म्हणून कमी डोसमध्ये ती कित्येक वर्षं चालू ठेवतात. म्हणजे सलाइन नाही, वॉर्ड नाही, नर्स नाही. पेशंट घरी, डबीतून काढून, पाण्याबरोबर घेतो. नातेवाईक म्हणतात, "आता काय, फक्त गोळीच आहे." हा "फक्त" लक्षात ठेवा.

आधी थोडं रसायन, कारण त्याशिवाय दुष्परिणाम म्हणजे नशिबाचा भाग वाटतो. लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडचं भावंड. तेच थॅलिडोमाइड, जे १९५७ साली जर्मनीत झोपेचं औषध म्हणून बाजारात आलं आणि गरोदर स्त्रियांनी घेतल्यामुळे हजारो बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं. १९९९ मध्ये ते मायलोमावर चालतं हे दाखवणारा पेपर आला, पण चालतं कसं हे कोडंच होतं. २०१० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. सेरेब्लॉन हे पेशीच्या कचरा-व्यवस्थेचा भाग आहे: कोणतं प्रथिन मोडीत काढायचं, त्यावर खूण करणाऱ्या यंत्रणेतला एक तुकडा. २०१४ मध्ये दोन गटांनी पुढचा दुवा सापडवला. लेनालिडोमाइड चिकटलं की सेरेब्लॉनची निवड बदलते आणि ते आयकारॉस व आयोलॉस या दोन प्रथिनांना मोडीत पाठवतं. मायलोमाच्या पेशी या दोघांवर जगतात, म्हणून त्या मरतात.

पण आयकारॉस काही फक्त मायलोमाच्या पेशीत नसतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तयार होतानाही ते लागतं. म्हणून गोळी घेणाऱ्यांचे न्यूट्रोफिल कमी होतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बघा, इथे "परिणाम" आणि "दुष्परिणाम" एकाच यंत्रणेतून आले. फरक फक्त कुठल्या पेशीत घडलं याचा. (जाता जाता: उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं आहे, त्यामुळे ही औषधं उंदरात माणसासारखी चालतच नाहीत. प्राण्यांवरच्या चाचणीत काही दिसलं नाही, म्हणजे काही नाही, असं लिहिण्याआधी हे आठवा.)

आता मूळ मुद्द्याकडे. २०१० मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत एक ट्रायल प्रसिद्ध झाली, ई४ए०३. पहिले लेखक मेयो क्लिनिकचे विन्सेंट राजकुमार. नव्याने निदान झालेले ४४५ रुग्ण. दोन्ही गटांना लेनालिडोमाइड तेच; फरक डेक्सामेथासोनचा. एका गटाला ४० मिलिग्रॅम महिन्यातून १२ दिवस, ही तेव्हाची रूढ पद्धत. दुसऱ्याला ४० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदाच, म्हणजे चक्रात ४ दिवस.

रोगाने किती प्रतिसाद दिला? जास्त डोसच्या गटात ७९ टक्के, कमी डोसच्या गटात ६८ टक्के. एवढंच वाचून पेपर मिटला असता तर निष्कर्ष सरळ होता, जास्त डोस चांगला. पण एक वर्षानंतर जिवंत किती होते? जास्त डोसच्या गटात ८७ टक्के, कमी डोसच्या गटात ९६ टक्के. ज्या उपचाराने कर्करोग जास्त आकसला, त्याच उपचारात माणसं जास्त गेली. उत्तर दुष्परिणामांच्या टेबलात आहे: पायातल्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, जास्त डोसमध्ये २६ टक्के, कमीमध्ये १२ टक्के. पहिल्या चार महिन्यांतले ग्रेड ३ किंवा वरचे त्रास ५२ टक्के विरुद्ध ३५ टक्के. ट्रायल थांबवून जास्त डोसच्या रुग्णांना कमी डोसवर आणलं गेलं. आज आठवड्यातून एकदा डेक्सा देणं नेहमीचं झालंय, आणि या गोळीबरोबर रक्त पातळ ठेवायला काय द्यायचं याचा विचार आधीच करतात.

मला हा पेपर फार आवडतो, कारण त्यात मधल्या टेबलाने वरचा आकडा पाडला.

पण टेबल वाचायचं ठरवलं तरी ते सगळं सांगतं असं नाही. "ग्रेड" म्हणजे काय ते बघू. कर्करोगाच्या ट्रायल्समध्ये सीटीसीएई नावाची मोजपट्टी वापरतात: १ सौम्य, २ मध्यम, ३ गंभीर, ४ जीवघेणा, ५ मृत्यू. जुलाबांचं उदाहरण घ्या. नेहमीपेक्षा दिवसाला चारपेक्षा कमी वेळा जास्त जावं लागलं तर ग्रेड १, चार ते सहा वेळा जास्त तर ग्रेड २, सात किंवा अधिक तर ग्रेड ३. पेपरच्या मुख्य मजकुरात बहुतेकदा ग्रेड ३-४ च येतात. आणि सहसा प्रत्येक रुग्णाचा सगळ्यात वाईट ग्रेड एकदाच मोजतात.

आता हिशोब करा. एका बाईंना पाच दिवस ग्रेड ३ जुलाब झाले, सलाइन लागलं, बऱ्या झाल्या. त्या टेबलात ठळक दिसतील. दुसऱ्या बाईंना तीन वर्षं रोज तीन-चार वेळा जास्त जावं लागतं. एसटीचा प्रवास बंद, लग्नकार्याला जाणं बंद, घरातून निघताना आधी संडास कुठे आहे याची चौकशी. त्या ग्रेड १-२ च्या रकान्यात, तेही तो रकाना छापला असेल तर. केमोच्या सहा सायकलसाठी ही पद्धत ठीक होती. वर्षानुवर्षं रोज घ्यायच्या गोळीसाठी ती तोकडी पडते, कारण त्यात "किती दिवस" हा अक्षच नाही. थॅलिडोमाइडने येणाऱ्या पायांच्या बधिरतेचंही तेच. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, स्वयंपाक-बाजार जमत नाही, पण अंघोळ, जेवण स्वतःचं स्वतः होतंय? मग ग्रेड २.

हे जुलाब "औषधाचं चालायचंच" म्हणून सोडून दिले जायचे. २०१४ मध्ये ब्लड या जर्नलमध्ये ब्रिटनमधला एक छोटा अभ्यास आला, फक्त १२ रुग्णांचा. लेनालिडोमाइडवर असताना जुलाब होणाऱ्यांची त्यांनी नीट तपासणी केली, तर कारण निघालं बाइल ॲसिड आतड्यात पुरेसं परत शोषलं न जाणं. त्यावर उपाय आधीपासून होते: जेवणातलं तेल-तूप कमी करणं आणि बाइल ॲसिड बांधून ठेवणारी औषधं. बारा रुग्ण, नवं औषध नाही, महागडी सिक्वेन्सिंग नाही. ज्यांना रिसर्चसाठी "गॅप" सापडत नाही म्हणून झोप लागत नाही, त्यांनी हा पेपर जरूर काढावा.

उलट्या बाजूनेही घसरू नका. दुष्परिणाम दिसला म्हणजे औषध वाईट, असंही नसतं. ट्रान्सप्लांटनंतर ही गोळी विरुद्ध प्लासिबो, अशी अमेरिकेतली मोठी ट्रायल २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली. नवा, दुसराच कर्करोग होण्याचं प्रमाण गोळीच्या गटात ८ टक्के, प्लासिबोत ३ टक्के. घाबरवणारा आकडा आहे. पण त्याच काळात मृत्यू गोळीच्या गटात १५ टक्के, प्लासिबोत २३ टक्के, आणि रोग परत डोकं वर काढेपर्यंतचा मध्यक काळ ४६ महिने विरुद्ध २७ महिने. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच डॉक्टर आणि पेशंट ठरवतात. नुसता एक आकडा व्हॉट्सॲपवर फिरला की कुणीतरी परस्पर गोळी बंद करतं.

पुढच्या वेळी पेपर उघडलात की निकालाच्या आलेखाआधी तीन गोष्टी शोधा: त्रासामुळे डोस कमी किती जणांचा झाला, औषध किती जणांनी सोडलं, आणि ग्रेड १-२ चा रकाना कुठे ठेवलाय. बहुतेक वेळा तो सप्लिमेंटरी फाइलमध्ये, चाळिसाव्या पानावर असतो. डाउनलोड करा.