अदलाबदलीतलं दीड मिनिट

"चौघं आहेत ना संघात? मग काय, सहा-सहा तास वाटून घ्यायचे." डोंगरवाटेवरच्या चोवीस तासांच्या सांघिक सायकल शर्यतीबद्दल सांगायला लागलं की समोरच्याचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. गणित बरोबर आहे, पण शर्यत अशी चालत नाही. इथे जिंकणं-हरणं जेवढं मांड्यांच्या ताकदीवर ठरतं, जवळजवळ तेवढंच एक स्वार आत येऊन दुसरा बाहेर पडेपर्यंतच्या वेळेवर ठरतं. गैरसमजही सगळ्यात जास्त याच वेळेबद्दल आहेत.

या शर्यतींचा आजचा साचा १९९२ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामध्ये, कनेन खोऱ्यात, लेअर्ड नाइट यांनी घातला. दुपारी बाराला सुरुवात, दुसऱ्या दिवशी बाराला शेवट, फेरी ठरलेली आणि एका वेळी संघातला एकच स्वार वाटेवर. तेच आपल्या हिंगोली जिल्ह्यात मांडून पाहू. औंढा नागनाथच्या टेकड्या आणि सिद्धेश्वर धरणाच्या बाजूचा मुरमाड माळ धरून बारा किलोमीटरची फेरी आखली असं समजा. बऱ्यापैकी तयारीचा स्वार ती पन्नास मिनिटांत काढेल, असंही धरू.

पहिला गैरसमज असा की अदलाबदलीतलं एखादं मिनिट गेलं तर काय बिघडतं. चोवीस तास म्हणजे १,४४० मिनिटं. त्यांच्या आत सुरू झालेली फेरी धरली जाते, त्यानंतर दार बंद, असं समजा. पन्नास मिनिटांची एक, अशा अठ्ठावीस फेऱ्यांना १,४०० मिनिटं लागतात. प्रत्येक अदलाबदलीत एक मिनिट गेलं तर एकोणतिसावी फेरी १,४२८ व्या मिनिटाला सुरू होते, म्हणजे दार बंद व्हायला बारा मिनिटं असताना. आता एका मिनिटाचं दीड मिनिट करा. ती फेरी १,४४२ व्या मिनिटाला सुरू व्हायला हवी, पण दार दोन मिनिटांपूर्वीच बंद झालेलं असतं. दर खेपेला फक्त तीस सेकंद जास्त गेली आणि अख्खी फेरी हातची गेली. उलट कधी असंही होतं की दहा मिनिटं वाया जाऊनही फेऱ्यांचा आकडा हलत नाही. म्हणून मिनिटं मोजायचीच असतील तर शेवटच्या फेरीपासून उलटी मोजावीत.

हे दीड मिनिट जातं कुठे? आत येणारा स्वार सायकल टेकवतो. पायाच्या घोट्याला वेळ नोंदवणारी चिप वेलक्रोच्या पट्ट्याने बांधलेली असते. पट्ट्यात चिखल भरलेला, हातमोजे ओले, बोटं बधिर. तो वाकतो, पट्टा सुटत नाही. पुढचा स्वार खाली बसून ओढतो, मग उभा राहतो, मग पुन्हा बसून स्वतःच्या घोट्याला बांधतो. मुरलेले संघ यावर साधी तोड काढतात. येणाऱ्याने वाकायचंच नाही. तिसऱ्या माणसाने पट्टा सोडायचा आणि त्यानेच पुढच्याच्या पायाला बांधायचा. मात्र अदलाबदलीच्या चौकटीत तिसरा माणूस चालतो की नाही, हे त्या शर्यतीच्या नियमांत आधी पाहावं लागतं. काही ठिकाणी चिपऐवजी दांडू हातात द्यायचा असतो, काही ठिकाणी नुसता स्पर्श पुरतो. सायकल मात्र सहसा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, ज्याची त्याची असते. "एकच सायकल चौघं चालवतात" हा समज कुठून आला देव जाणे.

"अदलाबदल होईस्तोवर घड्याळ थांबतं" असंही कुणी कुणी ठामपणे सांगतं. ते थांबत नाही. चिप वेळ नोंदवणाऱ्या पट्टीवरून गेली की एकाची फेरी संपते आणि त्याच क्षणी दुसऱ्याची सुरू होते, मग तो दुसरा अजून तंबूत बूट शोधत का असेना. निकालाच्या कागदावर गणपतची फेरी एकावन्न मिनिटांची आणि रमेशची एकोणपन्नासची दिसली म्हणून रमेश वेगवान, असं म्हणता येत नाही. गणपतच्या एकावन्नातली तीन मिनिटं तो निघण्याआधी अदलाबदलीतच गेलेली असू शकतात. संघातली बरीचशी भांडणं हा कागद नीट न वाचल्यामुळे होतात.

झोपेचा हिशेब तर फारच फसवा. चौघांच्या संघात एकेक फेरी केली तर दोन फेऱ्यांच्या मध्ये १५० मिनिटं मिळतात. अडीच तास म्हणजे झकास झोप, असं वाटतं. त्यातली दहा मिनिटं कपडे बदलण्यात, वीस सायकल धुऊन चेनला तेल घालण्यात, वीस खाण्यात जातात. फेरीआधी अर्धा तास उठावंच लागतं, कारण गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाचं डोकं पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ जड असतं. तशा डोक्याने अंधारात दगडांच्या उतारावर जाणं म्हणजे दवाखान्याची वाट. शिवाय चौकटीत दहा मिनिटं आधी हजर. उरला एक तास. रात्रीच्या लायटीवर हळदीला पाणी द्यायला जाणाऱ्या वसमतच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको: पाळी दोन तासांची असली तरी झोपमोड अख्ख्या रात्रीची असते.

म्हणून जाणते संघ रात्री दोन-दोन फेऱ्या सलग काढतात. मग मधे तीनशे मिनिटं मिळतात आणि सगळा व्याप वजा जाऊनही तीन तासांहून जास्त झोप होते. दुसरी फेरी थकव्याने चार मिनिटं लांबली आणि रात्रीतून अशा आठ दुसऱ्या फेऱ्या झाल्या, तर नुकसान बत्तीस मिनिटांचं. पण अदलाबदली निम्म्या होतात आणि सकाळी चौघांचेही पाय चालतात. माझं मत विचाराल तर आपल्याकडे हाच मार्ग बरा. कनेनची शर्यत जूनमध्ये व्हायची. तिथे त्या दिवसांत सूर्यास्त ते सूर्योदय हा काळ जेमतेम नऊ तासांचा. डिसेंबरात हिंगोलीत तोच काळ तेरा तासांचा असतो, म्हणजे निम्म्याहून जास्त शर्यत काळोखात. परदेशी वेळापत्रक जसंच्या तसं उचललं तर पहाटे तीनलाच संघ कोलमडेल. आणि पाऊस पडून वाट मुरमावरून काळ्या रानात शिरली, तर पन्नास मिनिटांचा हिशेब विसरा. ती माती चाक आणि फ्रेम यांच्या मधे अशी बसते की चाक फिरतच नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

सगळ्यात वेगवान गडी पहिला पाठवावा का? पायवाट अरुंद असेल तर सुरुवातीच्या गर्दीत अडकू नये म्हणून चांगला माणूस पुढे हवा, एवढं खरं. पण क्रम म्हणजे ताकदीची उतरंड नव्हे. जागतिक माउंटन बाइक स्पर्धेत १९९९ पासून सांघिक रिले आहे. सध्या त्यात सहा जण असतात, पुरुष आणि स्त्रिया, वरिष्ठ आणि कनिष्ठ मिळून, आणि क्रम संघाने ठरवायचा असतो. त्यामुळे तिसऱ्या फेरीला मिनिटभर पुढे असलेला संघ प्रत्यक्षात मागे असू शकतो, कारण त्याचे वेगवान स्वार संपलेले असतात. चोवीस तासांच्या शर्यतीत रात्री निर्धास्त चालवणारा, दिव्याच्या उजेडाची आणि उतारांची सवय असलेला गडी अंधारासाठी राखून ठेवणं हे पहिल्या फेरीत टाळ्या घेण्यापेक्षा फायद्याचं.

दोन चाकांनी एकमेकांना गाठायचं, अशीही अदलाबदल असते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघात 'रेस अक्रॉस अमेरिका' नऊ दिवसांच्या मुदतीत पुरी केली. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. ती डांबरी रस्त्याची शर्यत आहे, सुमारे ४,८०० किलोमीटरची, पण वेळेचं कोडं तेच. तिथे येणाऱ्याच्या चाकाने निघणाऱ्याच्या चाकाला गाठायला हवं, तेव्हाच पाळी बदलली असं धरतात. दोघांच्या संघात एक चालवत असताना दुसऱ्याला गाडीत जे मिळेल तेवढंच खाणं आणि झोप. कुणी किती वेळ चालवायचं हे मात्र संघाच्या हाती असतं. ठरलेली फेरी नसते, म्हणून चढावर पाळी छोटी आणि सपाटीवर लांब करता येते.

आणि सगळ्याच सांघिक शर्यती पाळीच्या नसतात. दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिकमध्ये दोघांचा संघ सोबतच चालवतो. दोघांत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडलं की दंड. सह्याद्रीतल्या एन्ड्युरो-३ या साहसी शर्यतीतही संघातल्या तिघांनी एकत्रच राहायचं असतं. तिथे अदलाबदलीचा प्रश्नच नाही. सगळ्यात दमलेल्याचा वेग तोच संघाचा वेग.

राहिला शेवटच्या तासाचा प्रश्न. बारा वाजले की शर्यत संपली, हे काही शर्यतींत खरं आणि काहींत साफ खोटं. कुठे बाराच्या आत पूर्ण झालेल्याच फेऱ्या मोजतात. कुठे बाराच्या आत सुरू झालेली फेरी नंतर पूर्ण केली तरी धरतात. दुसऱ्या प्रकारात अकरा अठ्ठावन्नला आत आलेल्या संघाला पुढचा गडी पाठवायलाच लागतो, नाहीतर मागचा संघ एक फेरी जास्त काढून पुढे जातो. पहिल्या प्रकारात त्याच वेळी गडी पाठवणं म्हणजे त्याला फुकट दमवणं.

तेव्हा प्रवेश शुल्क भरण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी लेखी विचारा: शेवटची फेरी केव्हा धरणार, चिप एक की प्रत्येकाची वेगळी, आणि चौकटीत मदतनीस चालतो का. उत्तरं टाळली गेली, तर त्या शर्यतीला जाऊ नका.