गोठ्यातली भोवरकडी आणि पक्ष्याच्या डोक्यावरची तार

नांदेड-लातूरकडच्या गोठ्यात जनावराच्या साखळीला एक फिरती कडी असते: भोवरकडी. जनावर कितीही वळलं तरी तिच्यामुळे साखळीला पीळ पडत नाही. मेंदूच्या अभ्यासातही हीच अडचण येते.

झेब्रा फिंच हा गाणारा पक्षी जेमतेम 12 ते 15 ग्रॅमचा. पुण्याच्या 'आयसर' संस्थेतही त्याच्या गाण्याचा अभ्यास होतो. गाताना त्याच्या मेंदूतल्या पेशी काय करतात, हे नोंदवायचं तर डोक्यावरून बारीक तारा यंत्रापर्यंत न्याव्या लागतात. पक्षी पिंजऱ्यात वळत राहतो, तारांना पीळ बसतो, डोकं ओढलं जातं. अशा त्रासात तो गाणंच थांबवू शकतो. मग नोंद कशाची करणार?

यावर उपाय म्हणजे कम्युटेटर. पिंजऱ्यावर बसवलेला हा सांधा गोल फिरतो, तरी आतल्या धातूच्या कड्या आणि त्यांना टेकलेले ब्रश यांतून विद्युत संदेश अखंड जात राहतो. पण बैल भोवरकडी स्वतःच्या ताकदीने फिरवतो. एवढ्याशा पक्ष्यात ते बळ नाही. म्हणून मोटर लागते. तारेला जरासा पीळ पडला की सेन्सर तो ओळखतो आणि मोटर सांधा फिरवून पीळ काढते. मायकेल फी आणि अँथनी लिओनार्डो यांनी 2001 मध्ये लहान प्राण्यांसाठी मोटरवर चालणारी अशी यंत्रणा प्रसिद्ध केली.

आता बिनतारी यंत्रंही आहेत, पण त्यांच्या बॅटरीचं ओझं प्राण्याच्याच अंगावर येतं. म्हणून तार अजून टिकून आहे. ती पक्ष्याला जितकी कमी जाणवेल, तितकी नोंद खरी.