न फुटलेल्या अंड्यातला साल्मोनेला

साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा जिवाणू कोंबडीच्या अंडाशयात शिरतो. कवच धरण्याआधीच अंडं दूषित होतं. कोंबडी मात्र धडधाकट दिसते, आणि ताप-जुलाब होतात ते खाणाऱ्याला. देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनाला ही लागण झाली आहे, असं ब्रिटनच्या कनिष्ठ आरोग्यमंत्री एडविना करी डिसेंबर १९८८मध्ये म्हणाल्या. विधान अतिशयोक्त, पण धोका खरा. अंड्यांचा खप कोसळला आणि दोन आठवड्यांच्या आत करींचं मंत्रिपद गेलं. कोंबड्यांना लस देणं ‘लायन’ या तिथल्या दर्जाच्या शिक्क्याच्या अंड्यांसाठी सक्तीचं झालं ते थेट १९९८मध्ये! त्यानंतर रुग्ण झपाट्याने घटले. २०१७मध्ये या शिक्क्याची अर्धकच्ची अंडी गरोदर स्त्रिया, बाळं आणि वृद्धांनाही चालतील, असं तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने जाहीर केलं. बिनशिक्क्याचं अंडं मात्र बलक घट्ट होईपर्यंत उकडाच.