लिनक्स सोपे, पण कोणाला?

लिनक्स हे जाणकारांचे काम, आपले नव्हे, हा समज इतका पक्का आहे की तो तपासून पाहावा असेही कोणाला वाटत नाही. तपासायला खिशातला मोबाइल पुरे. २००८ साली बाजारात आलेले अँड्रॉइड लिनक्सच्याच गाभ्यावर चालते आणि त्यासाठी कोणी क्लास लावला नाही. यावर जाणकार म्हणतील, ते खरे लिनक्स नव्हे. वरचा बराचसा डोलारा गूगलचा आहे. आक्षेप रास्त, पण मुद्दा त्यातच आहे. फोन हातात येतो तेव्हा प्रणाली आधीच बसवलेली असते, कॅमेरा, स्पीकर, ब्लूटूथ सारे जुळवून देण्याची जबाबदारी कंपनीने घेतलेली असते. संगणकावर लिनक्स हवे असेल तर ही जबाबदारी बहुधा वापरणाऱ्याच्याच गळ्यात पडते. म्हणून सोपेपणाचा हिशेब पडद्यावरच्या बटणांवरून करू नये. यंत्र कोणी लावून दिले आणि अडले तर विचारायचे कोणाला, यावरून करावा.

या कसोटीवर केरळचे उदाहरण फार बोलके आहे. तिथल्या सरकारी शाळांत दोन दशकांपासून लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली वापरली जाते. आधी 'आयटी अ‍ॅट स्कूल' या प्रकल्पातून आणि २०१७ पासून 'काइट' या सरकारी कंपनीमार्फत. नुसत्या सीडी वाटून हे जमले नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके त्याच सॉफ्टवेअरवर बेतली, चित्रांसाठी गिंप आणि भूमितीसाठी जिओजेब्रा आधीच घालून दिले. ही सक्ती झाली, असे कोणी म्हणेल. मग महाराष्ट्रात २००१ पासून नोकरीसाठी लाखोंनी केलेल्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमात विंडोज आणि ऑफिसच गिरवले गेले, त्याला काय म्हणायचे? सवय दोन्हीकडे लावलेलीच आहे. आपण मात्र एकीला सोपेपणा म्हणतो.

उलट बाजूने जर्मनीतल्या म्यूनिकचा दाखला हमखास दिला जातो. त्या महापालिकेने सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. त्यात राजकारणही होते, पण बाहेरून येणाऱ्या वर्ड-एक्सेलच्या फाइली नीट उघडत नाहीत ही कर्मचाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. आपल्याकडे अशीच अडचण सर्वांत जास्त भोगतो तो मधला माणूस. ज्याला ब्राउझर, व्हिडिओ आणि एखादे पत्र एवढेच लागते, त्याला उबुंटू किंवा मिंट यांपैकी लिनक्सचे एखादे रूप लावून दिले तर फारसा फरक जाणवणार नाही. तज्ज्ञाचा प्रश्नच नाही. अडतो तो टॅलीवर हिशेब लिहिणारा, डिजिटल सही वापरणारा करसल्लागार आणि डीटीपीवाला.

डीटीपीवाल्याचे दुखणे जवळून पाहण्यासारखे आहे. युनिकोडमधली मराठी लिनक्सवर उत्तम दिसते, इनस्क्रिप्टचा कळफलकही तयार असतो. पण वर्षानुवर्षांच्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत अडकलेल्या. तशी फाइल उघडली की मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे आणि विचित्र चिन्हे उभी राहतात. फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही नेमके हेच होते, कारण त्या फॉन्टांनी मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवली होती. तरी बोल लागतो तो लिनक्सलाच. ग्राहक दारात उभा असताना त्याला हे समजावत बसायला वेळ कोणाला आहे? 'काळी खिडकी उघडून आज्ञा टाइप कराव्या लागतात' या नेहमीच्या तक्रारीपेक्षा ही अडचण कितीतरी खरी आहे. त्या खिडकीशिवाय रोजचे काम आता सहज होते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे धडधाकट संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. त्यांतल्या पुष्कळांवर लिनक्स मजेत चालेल. पेनड्राइव्हवरून आधी चालवूनही पाहता येते, मूळ डिस्कला धक्का न लावता. पण हा संगणक जाणार गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे, आणि उबुंटूसह स्वस्तात मिळालेल्या लॅपटॉपवरही गिऱ्हाइकाने न सांगता चोरीची विंडोज टाकून देण्याची रीत याच धंद्यात रुळलेली आहे. दुरुस्तीवाल्याचेही चुकते असे नाही. प्रिंटर चालला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारात येणार, आणि त्या खेपेचे पैसे देणार नाही.