ठशातून मारलेले टोमणे

आपल्या बचत गटाचा रबरी शिक्का कधी निरखून पाहिला का? त्यावर गटाचं नाव उलटं असतं, शाई लावून दाबला की कागदावर सुलटं उमटतं. ठशाचं चित्र असंच होतं. लाकडावर किंवा लिनोलियमच्या जाड तुकड्यावर नको तो भाग कोरून काढायचा, उरलेल्यावर शाई फिरवायची, वर कागद दाबायचा. हातानं रंगवलेलं चित्र एकाच घरी जातं. ठशाच्या शंभर प्रती शंभर घरी जातात, म्हणून गादीवर बसलेल्यांना त्याची धास्ती.

आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी बुवाबाजीची रेवडी कीर्तनातून उडवली. प्रश्न विचारायचे अन् उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. बंगालात हेच काम चित्रांनी केलं.

१८७३ साली तिथल्या तारकेश्वर देवस्थानाच्या महंतावर खटला झाला. एलोकेशी नावाची सोळा वर्षांची सून मूल व्हावं म्हणून त्याच्याकडे औषधाला गेली आणि त्यानं तिचा गैरफायदा घेतला. बोभाटा झाल्यावर नवऱ्यानं मासे कापायच्या विळीनं तिचाच जीव घेतला! महंताला तीन वर्षं सक्तमजुरी झाली. नवऱ्याला जन्मठेप झाली, पण लोकांनी अर्ज केले अन् तो दोन वर्षांत सुटला. कोलकात्याच्या कालीघाटचे चित्रकार आणि लाकडी ठसे छापणारे कारागीर यांनी हे प्रकरण बाजारात आणलं. लोक ज्याच्या पाया पडत होते, तोच महंत तुरुंगात घाण्याला जुंपलेला! चित्रं चार पैशांत घरोघरी गेली.

आम्हाला मात्र एक गोष्ट खटकते. त्या चित्रांत एलोकेशी नटूनथटून महंताला विडा देताना दिसते, जणू चूक तिचीच. तिला काय वाटलं हे कुणी कोरलंच नाही. हसू महंतावर होतं, पण थोडं तिच्यावरही होतं.

आपल्या महाराष्ट्रातलं नाव म्हणजे चित्तप्रसाद. मूळचे बंगालचे, पण १९४६ पासून मुंबईत अंधेरीच्या लहानशा खोलीत राहिले. जातीची खूण नको म्हणून भट्टाचार्य हे आडनावच टाकलं. १९४३ च्या दुष्काळात मेदिनीपूर जिल्ह्यात हिंडून त्यांनी उपाशी माणसं चितारली. त्याची पुस्तिका निघाली, तर इंग्रज सरकारनं पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. भूक दाखवली, हाच गुन्हा! पुढे मुंबईत त्यांनी सत्ताधाऱ्यांची टर उडवणारी व्यंगचित्रं काढली, आणि लिनोलियम कोरून शेतकरी, मजूर, खेळायच्या वयात राबणारी पोरं छापली. साहित्य स्वस्त, प्रती भरपूर. गरिबांची चित्रं गरिबांच्या हाती पडावीत हा हिशेब.

पुढच्या बैठकीला अर्धा बटाटा आणि धारदार चाकू आणा. कुणाचं तोंड कोरायचं ते गटात ठरवा. एवढं मात्र ध्यानात ठेवा, अक्षरं उलटी कोरायची.