आधी अर्थ तपासा

जुनी गाडी, खारी हवा : भाग ७

जी गाडी एकदा बंद पडली की बंदच राहते, तिचं दुखणं शोधणं त्या मानाने सोपं असतं. करंट कुठपर्यंत येतो आणि कुठे थांबतो, हे मेस्त्रीच्या हातात टेस्ट लॅम्प असला की कळतं. खरा कस लागतो तो मारुती ८०० च्या एखाद्या हेडलाइटसाठी, जो हातखंब्याजवळ अचानक मिणमिणा होतो, साळवी स्टॉपला पोचेपर्यंत पुन्हा लख्ख पेटतो आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये काही झालंच नाही असा वागतो. मेस्त्री म्हणतो, “आता तर सगळं चालू आहे. परत झालं की आणा.” परत होतं ते रात्री, भर पावसात.

मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. आधी बल्ब, मग स्विच, मग रिले, शेवटी कोणीतरी सुचवलं म्हणून अल्टरनेटर. प्रत्येक वेळी चार दिवस बरे जातात, कारण पार्ट बदलताना कपलर उपसून परत बसवला जातो आणि तेवढ्या घासण्यानेच पिनांवरचा गंज थोडा खरवडला जातो. काढून टाकलेला पार्ट मात्र बहुतेक वेळा चांगलाच असतो. जुनी गाडी सांभाळणारी माणसं पैसा जपून वापरणारी असतात, त्यांचा पैसा असा वाया जाताना बघून मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून या भागात एकच गोष्ट नीट समजून घेऊ : येऊन-जाऊन होणारा बिघाड लहरी नसतो, त्याला अट असते. ओल, उष्णता, हादरा किंवा जास्तीचा भार, यांपैकी काहीतरी घडल्याशिवाय तो दिसत नाही. अट सापडली की जागा सापडते.

गेल्या आठवड्यात बॅटरी आणि चार्जिंग पाहिलं. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.५, हे जमलं असेल तर पुढे जायचं. जमलं नसेल तर आधी ते.

रत्नागिरीत पहिला संशय ओलीवर घ्यायचा. मिऱ्या, मांडवी, भाट्ये इथे लाट फुटताना उडालेले बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात. त्यातलं पाणी उडून जातं, मीठ राहतं. किनाऱ्यापासून आत जावं तसं ते झपाट्याने कमी होतं, म्हणून पालीतली वीस वर्षांची गाडी आणि मांडवीतली वीस वर्षांची गाडी बॉनेट उघडल्यावर एका वयाच्या वाटत नाहीत. खाण्याच्या मिठाला हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी सुटतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या पुढेच हवेतलं पाणी ओढायला लागतं. म्हणजे कपलरच्या कोपऱ्यात बसलेलं हे मीठ आपल्याकडे पुरतं कोरडं होण्याची वेळ फारशी येतच नाही. दिवसभरात ओल वाढते-घटते, धातू तापून फुगतो, निवून आकसतो आणि गंजलेल्या जोडातला संपर्क त्याबरोबर सुटतो-जुळतो. “हे रात्रीच का होतं?” या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे.

कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक जसं कळकतं, तशाच कपलरच्या पितळी पिना मिठाच्या ओलीत हिरव्या पडतात. त्यात करंटची भर पडली की काम फार लवकर होतं. किल्ली बंद असतानाही ज्या पिनेवर बॅटरीचा प्लस असतो, ती आधी खाल्ली जाते. कपलर उघडल्यावर एकच पिन हिरवी आणि शेजारच्या पिवळ्याधमक दिसल्या तर ती हिरवी बहुधा कायम करंटवाली समजायची. गंज पिनेपुरता थांबतही नाही. वायरीतल्या बारीक तारांच्या फटींतून पाणी आत ओढलं जातं. अशा वायरीचं टोक सोलून बघा : वरून रबर शाबूत, मऊसुद्धा, आणि आतलं तांबं कोळशासारखं काळं. वीत-दीड वीत मागे कापत गेल्याशिवाय चकचकीत तांबं दिसत नाही, आणि काळ्या तांब्यावर कितीही घट्ट लग दाबला तरी तो धरत नाही.

आता मल्टिमीटरकडे वळू, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त दिशाभूल इथेच होते. हेडलाइटचा एच-४ बल्ब मोठ्या झोताला ६० वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला तो ५ अँपिअर ओढतो. वाटेतल्या एका गंजलेल्या जोडाचा अवरोध फक्त अर्धा ओहम धरा. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम लावला की त्या जोडावर साधारण २ व्होल्ट खर्ची पडतात आणि बल्बपर्यंत १० च पोचतात. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो. एवढ्या घटीने तो जवळजवळ निम्म्यावर येतो. हरवलेले २ व्होल्ट जोडातच उष्णता होऊन जातात. नखाएवढ्या पिनेत ८-९ वॅट! हेडलाइटच्या मागचा कपलर तपकिरी पडलेला, एका बाजूने वितळलेला असतो तो यामुळेच.

आता बल्ब काढा आणि मोकळ्या सॉकेटमध्ये मीटर लावा. १२.५ व्होल्ट दिसतील. “करंट तर पूर्ण येतोय,” असं म्हणून वायरिंगवरचा संशय दूर केला जातो आणि बल्ब बदलला जातो. मीटर खोटं बोललेलं नाही, आपण चुकीचा प्रश्न विचारला. डिजिटल मीटरचा स्वतःचा अवरोध दहा लाख ते एक कोटी ओहम असतो, त्यामुळे ते करंट जवळपास ओढतच नाही. करंटच वाहत नाही तर त्या अर्ध्या ओहमवर व्होल्टेज पडणार कुठून? एका तारेवर लटकलेली वायरही अशा तपासणीत धडधाकट ठरते. म्हणून बल्ब जागेवर, दिवा चालू, आणि मग मोजणी. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं टोक बल्बच्या प्लस पिनेला : इथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर प्लसच्या वाटेत अडथळा आहे. मग काळं टोक बॅटरीच्या मायनसला आणि लाल टोक बल्बच्या अर्थच्या, म्हणजे परतीच्या वाटेच्या, पिनेला : इथे ०.२ च्या वर काही नको. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत इतके उपयोगी आहेत.

दुसरा आकडा लोक बघत नाहीत आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांत गुन्हेगार बहुतेकदा तिथेच सापडतो. गाडीत प्रत्येक दिव्यापर्यंत प्लसची वायर ओढलेली असते, पण परतीची वाट सगळ्यांची एकच : बॉडीचा पत्रा. ती वाट पत्र्यात आवळलेल्या एखाद्या बोल्टवर अवलंबून असते. पत्रा लोखंडाचा, लग पितळेचा, बोल्टवर जस्ताचा मुलामा आणि मध्ये खारी ओल. वेगवेगळे धातू असे एकत्र आले की गंज चढायला निमित्त लागत नाही. त्यात हे बोल्ट असतात खाली, कोपऱ्यात, बंपरच्या किंवा दिव्याच्या मागे, जिथे पाणी साचतं आणि नजर जात नाही.

पावसकडच्या एका आंबा बागायतदारांची ओम्नी माझ्या पाहण्यात होती. तिचं दुखणं ऐकून कोणीही चक्रावेल : दिवसा ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मंद पेटायचे. कधी पेटायचे, कधी नाही. ब्रेकचा स्विच बदलून झाला होता, फ्लॅशर बदलून झाला होता आणि आता पूर्ण वायरिंग नवीन टाकायचा सल्ला मिळाला होता. हे कसं घडतं ते बघण्यासारखं आहे. मागच्या दिव्यातल्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ब्रेकचं २१ वॅटचं आणि पार्किंगचं ५ वॅटचं, आणि दोघांचा अर्थ एकच. तो अर्थ सुटला की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला पत्र्यात उतरता येत नाही. तो त्याच बल्बच्या दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा पार्किंगच्या वायरीत शिरतो. त्या वायरीवर पलीकडचा मागचा दिवा, नंबर प्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचे दिवे आहेत. त्यांचे अर्थ चांगले, म्हणून करंट त्यांच्यातून खाली उतरतो आणि जाता जाता त्यांना पेटवतो. ब्रेक दाबल्यावर भलतंच काही पेटलं तर स्विचकडे जाऊच नये. मागच्या दिव्यांचा अर्थ बघावा. या ओम्नीत डाव्या दिव्याच्या मागचा बोल्ट हाताने फिरत होता आणि लगभोवती तांबूस भुकटी जमली होती. हंगाम संपला की गाडी आतून पाइपने धुतली जायची आणि ते पाणी त्याच कोपऱ्यात मुरायचं. घासून, नवा लग टाकून, आवळल्यावर दिवे जागच्या जागी आले. वायरिंग बदलावं लागलं नाही.

सेल्फचंही असंच. किल्ली फिरवली की नुसता “टक” आवाज, दुसऱ्यांदा फिरवली की इंजिन चालू. सेल्फ रिपेअरला पाठवण्याआधी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी बघा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे सेल्फचा शे-दीडशे अँपिअर करंट परत जायला तिच्याशिवाय धड वाट नसते. मीटरचं एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला, दुसरं बॅटरीच्या मायनसला आणि सोबतच्याला सेल्फ मारायला सांगा. ०.३ च्या वर आकडा गेला तर पट्टी, तिचे बोल्ट किंवा मायनसची केबल तपासायची. पट्टी तुटली की करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो. ती केबल विनाकारण गरम लागली किंवा पुन्हापुन्हा अडकू लागली तर हेही कारण लक्षात असू द्या.

कोणाकडे अजून पद्मिनी असेल तर तिच्या फ्यूजबॉक्सबद्दल एक शब्द. स्प्रिंगच्या पट्ट्यांत अडकवलेले, चिनी मातीचे ते फ्यूज बोटाने फिरवले की बंद पडलेला दिवा लागतो, हे जुन्या फियाटवाल्यांना पाठ असतं. फिरवल्याने टोकावरचा गंज घासला जातो, इतकंच. तसं झालं की पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने साफ करून जरा आत दाबून घ्याव्यात.

आता लपलेला बिघाड बाहेर कसा काढायचा? सुरुवात वहीने. दिवा गेला तेव्हा पाऊस होता का, इंजिन तापलेलं होतं का, खड्डा आला की वळण, वायपर-पंखा-हेडलाइट यांतलं काय काय चालू होतं. अशा पाच-सहा नोंदींत अट बहुधा दिसू लागते. मग ती अट अंगणात मुद्दाम तयार करायची. ओलीचा संशय असेल तर फवाऱ्याच्या बाटलीने साधं पाणी एकेका कपलरवर मारायचं, तापलेल्या सायलेन्सरपासून आणि इंजिनच्या कॉम्प्युटरपासून लांब राहून. उष्णतेचा असेल तर केस वाळवायचा ड्रायर. हादऱ्याचा असेल तर संबंधित दिवा चालू ठेवून वायरिंगचा जुडगा वीतभर वीतभर पुढे सरकत हाताने हलवायचा आणि दुसऱ्याने दिव्यावर नजर ठेवायची. घाई केली तर हाताखालून जागा निसटते.

२१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी एवढ्यावर घरचा टेस्ट लॅम्प होतो. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून मीटरला फसवणारी वायर त्याला फसवू शकत नाही : दिवा मंद लागला की कळलं. मात्र एमपीएफआय गाडीत सेन्सरच्या, कॉम्प्युटरच्या किंवा एअरबॅगच्या वायरींना तो लावू नका, आतलं सर्किट जळेल. सेन्सरला फक्त डिजिटल मीटर, आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हातच लावायचा नाही.

दुरुस्ती करताना आधी बॅटरीचा मायनस काढा. अर्थचा बोल्ट काढून पत्रा चमकेपर्यंत घासा, नवा लग आणि दातेरी वॉशर टाकून आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली. वायर जोडायची तर काळा भाग पूर्ण कापून, डाग देऊन किंवा नीट क्रिंप करून, वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी. पिळून टेप गुंडाळलेला जोड आपल्याकडे टिकत नाही : मेच्या उन्हात टेपचा चिकटपणा जातो आणि जूनमध्ये तोच टेप पाणी धरून ठेवतो. ही कामं आगोटीत उरकलेली बरी, पावसात वायर कोरडी मिळत नाही. आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार कृपा करून टाकू नका. मग वितळायची पाळी वायरीवर येते आणि ती डॅशबोर्डच्या आत, गालिच्याखालून गेलेली असते.

पुढच्या आठवड्यात गावच्या पडवीत महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांची बॅटरी कशाने उतरते ते बघू. गणपतीला येऊन किल्ली फिरवायची आणि काहीच नाही, हा अनुभव अनेक चाकरमान्यांना आहे. त्यासाठी मीटरची १० अँपिअरची खाच चालू आहे ना, आणि आतला फ्यूज शाबूत आहे ना, एवढं तपासून ठेवा.