चित्र भिंतीवरून फोनमध्ये येतं तेव्हा...

सकाळी फोन हातात घेतला की नातेवाईकांच्या ग्रुपवर काय काय आलेलं असतं! लक्ष्मीचं चित्र, भाचीच्या वाढदिवसाचा फोटो, साडीची जाहिरात, एखादा विनोद. थोड्या दिवसांनी फोन सांगतो, ‘स्टोरेज फुल’. मग तुम्ही एकेक चित्र डिलीट करायला बसता. देवीच्या चित्रावर मात्र बोट जरा अडखळतं, हो ना?

असं का होतं? कारण चित्राचा अर्थ फक्त त्याच्या रेषा आणि रंगांत नसतो. ते कोणी काढलं, कशासाठी काढलं, कुठे लावलं, यावरही तो ठरतो. डिजिटल माध्यमांमुळे चित्रं सगळ्यांपर्यंत पोहोचली, पण या बाकीच्या गोष्टी वाटेतच गळून पडू लागल्या आहेत.

आधी आला छापखाना

हा बदल फोनपासून सुरू झालेला नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत दिसणारी त्यांची चित्रं छापील रूपात साध्या घरांतही पोहोचली. लक्ष्मी आणि सरस्वती यांची ही चित्रं म्हणजे मूळ चित्राच्या प्रतीच होत्या. पण घरात आल्यावर त्यांना चौकट, भिंतीवरची जागा, हार आणि उदबत्ती मिळाली. घराने त्यांना नवा अर्थ दिला. फोनमधल्या चित्राला अशी जागा मिळत नाही. तिथे देवी आणि विनोद एकाच आकाराचे, एकाखाली एक असतात.

लग्नाचा चौक ते मोबाइलचं कव्हर

वारली चित्रांचंच बघा. त्रिकोणांची माणसं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारी साखळी तुम्ही मगवर, कुर्तीवर, मोबाइलच्या कव्हरवर पाहिली असेल. पालघर भागातल्या वारली समाजात ही चित्रं लग्नाच्या वेळी झोपडीच्या भिंतीवर काढली जात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी एवढंच साहित्य. सवाष्ण बायका लग्नाचा चौक काढत आणि त्यात पालघट देवी असे. म्हणजे ते सजावटीपुरतं नव्हतं, लग्नविधीचाच भाग होतं.

१९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. आज मात्र ‘वारली डिझाइन’ असं शोधलं की फुकट डाउनलोड करता येणारी असंख्य चित्रं समोर येतात. एआयला सांगितलं तर काही सेकंदांत नवं चित्र तयार! त्यात नाचणारी साखळी असते, पण चौक, देवी आणि काढणाऱ्या हाताचं नाव नसतं. नाव गेलं की अनेकदा त्या हाताला मिळणारे पैसेही जातात.

दुसरी बाजूही आहे

याचा अर्थ फोन वाईट असा नाही. दूरच्या शहरात बसून तुम्ही पाड्यावरच्या चित्रकाराचं काम पाहू शकता, त्याला थेट मेसेज करून चित्र मागवू शकता. मुलांना संग्रहालयातलं चित्र मोठं करून त्यातली एकेक रेष दाखवू शकता. पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. प्रश्न आपण चित्र कसं पाहतो आणि कसं पुढे पाठवतो, याचा आहे.

घरी एवढं करून पाहा

• चित्र आवडलं तर मुलांसोबत तीन प्रश्न विचारा : कोणी काढलं? कशासाठी काढलं? मूळ चित्र कुठे आहे, केवढं आहे?
• उत्तर माहीत नसेल तर गूगल लेन्सवर तो फोटो टाकून शोधा. बऱ्याचदा चित्रकाराचं नाव सापडतं.
• चित्र पुढे पाठवताना नाव कापू नका, माहीत असेल तर स्वतः लिहा.
• वारली, मधुबनी किंवा गोंड चित्र घ्यायचं असेल तर शक्यतो चित्रकाराकडूनच घ्या.
• महिन्यातून एक फोटो प्रिंट करून भिंतीवर लावा. मागे तारीख आणि माणसांची नावं लिहा.

हा शेवटचा मुद्दा तुमच्या स्वतःच्या फोटोंसाठी आहे. आजीचा लग्नातला एकच फोटो असतो आणि घरातल्या सगळ्यांना त्याची गोष्ट माहीत असते. तुमच्या मुलांचे फोनमध्ये हजारो फोटो असतील. त्यातल्या निदान काहींची गोष्ट त्यांना आजच सांगून ठेवा.